ब्रीडाच्या काउंटरवर काही उरत नाही

जिथे काहीच वाया जात नाही, तिथे काहीतरी काळंबेरं असतं, असं अल्टन डिव्हेनचं ठाम मत होतं. डब्लिनच्या मुख्य कचेरीत बसून तो तेवीस दुकानांचं दूध, लोणी आणि चीज सांभाळायचा. त्यातल्या बावीस दुकानांच्या चीज काउंटरची विक्री पाच वर्षं घसरत चालली होती. समोर उभं राहून चीज कापून घ्यायला लोकांना आता वेळ नव्हता. त्यांना किसलेलं पाकीट हवं होतं, एकसारख्या चकत्या हव्या होत्या, मुलांच्या डब्यात टाकायच्या कांड्या हव्या होत्या. व्यायामशाळेतल्या दांडगोबांना तर प्रथिनांचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला डबाच लागायचा, आत काय आहे ते नंतर. काउंटरवरचं शंभर किलोमागे आठ किलो चीज कचऱ्यात जात होतं.

अपवाद एकच, केरी परगण्यातलं नॉकड्रीन गावचं दुकान. तिथली विक्री जागची हलली नव्हती आणि कचऱ्याच्या रकान्यात अकरा वर्षं शून्य होतं.

"एक तर ती बाई संत आहे, नाहीतर चोर," अल्टन काहल रॅफर्टीला म्हणाला. "आणि पगारपत्रकावर मी आजवर एकही संत पाहिलेला नाही. जा चार दिवस. गोम सापडली की काउंटर बंद, बाई घरी, आणि त्या जागी पाकिटांचं कपाट."

"आणि नाही सापडली तर?"

"सापडेल रे."

काहल चौतिशीचा, आकड्यांवर मनापासून प्रेम करणारा माणूस. कुठल्या दुकानात किती चीज खपेल याचा अंदाज सांगणारी संगणकाची आज्ञावली त्यानेच लिहिली होती. ती शंभरात नऊच वेळा चुकायची म्हणून कचेरीने केक कापला होता. तोच तोरा घेऊन सोमवारी सकाळी तो नॉकड्रीनला पोचला.

ब्रीडा मुल्विहिल काउंटरमागे उलट्या खोक्यावर उभी होती, कारण खोक्याशिवाय ती गिऱ्हाइकांना दिसत नसे. वय त्रेसष्ट, नोकरीची एकतीस वर्षं, डोक्यावर पांढरी टोपी आणि दंड मात्र लोहारासारखे.

"मला पकडायला आलेला तो तूच ना?" तिने विचारलं.

काहल उगाच खिशात ओळखपत्र शोधू लागला.

"लाजतोस काय बाळा? गल्ल्यावरच्या पोरीने शनिवारीच सांगितलं. हात धू, टोपी घाल आणि इकडे आत ये. पकडायचंच तर जवळून पकड, म्हणजे नीट दिसेल."

नऊ वाजता दुकानातल्या रेडिओवर गावोगावच्या मृत्यूच्या बातम्या लागल्या. सगळं दुकान गप्प झालं. बटाटे निवडणारे हात थांबले, ब्रीडाने सुरी खाली ठेवली. बॅलिनूरचा टिमी ब्रॉसनन गेला होता. ब्रीडाने छातीवर क्रूसाची खूण केली, "देव त्याला शांती देवो," म्हणाली आणि त्याच श्वासात पुढे म्हणाली, "चौदा किलो. लाल."

"काय चौदा किलो?"

"चेडर रे! टिमीला सात मुलं. दोघं ऑस्ट्रेलियात, पर्थला, ती बुधवारच्या आत पोचत नाहीत. म्हणजे मयत दोन संध्याकाळी घरी राहणार. टिमी फुटबॉल क्लबचा माणूस, तेव्हा दर्शनाला येणाऱ्यांसाठी सँडविच क्लबातल्या बायका करणार, आणि त्या चीज कापतात विटेएवढं जाड. आणि ब्रॉसनन आजोबांपासून लाल चेडरवाले. पांढरं वाढलंस तर टिमीच्या बहिणी स्वतः मरेपर्यंत बोलून दाखवतील."

काहलने गुपचूप आपली आज्ञावली उघडून पाहिली. ती म्हणत होती, सहा किलो.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत चौदा किलोंतलं बोटभर टोक उरलं. ते ब्रीडाने काहलच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझं. मोजलं होतं." तो ते उभ्याउभ्या चघळत राहिला. चव काय होती ते विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याचं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं. हिला कळलं कसं?

मग तो बघतच राहिला. मऊ चीजच्या चकतीवर ब्रीडा अंगठा टेकवायची आणि सांगायची, "ही गुरुवारी दुपारी तयार. डॉक्टरीणबाईंची." त्यांनी ती मागितलेलीही नसायची. गुरांच्या बाजाराच्या दिवशी ती म्हणाली, "वासरं चांगली गेली की पुरुष स्वतः येतात आणि निळ्या बुरशीचं चीज नेतात. वाईट गेली की बायकांना धाडतात, आणि बायका काही नेत नाहीत." अकरा वाजता स्वच्छ टोप्या घातलेले चार पुरुष खाकरत येऊन उभे राहिले, आणि निळ्या बुरशीचे चार तुकडे आधीच कापून ठेवलेले होते. दारातून आभाळाकडे एकदा बघून तिने ठरवलं की उद्या गवताची कापणी निघणार, शेतावर माणसं जेवायला असणार. म्हणून तिने जाड चकत्यांची चळत लावली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. हवामानखात्याने पाऊस सांगितला होता.

काहलला सुरुवातीला मौज वाटली, मग आश्चर्य, आणि बुधवार दुपारपर्यंत स्वतःची लाज. सहा वर्षं खपून त्याने जे यंत्र बनवलं, ते या खोक्यावरच्या बाईपुढे पाळण्यातलं पोर होतं. अख्खं गाव तिच्या डोक्यात राहत होतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची सून पोलंडची आहे आणि तिला दह्यासारखं ताजं चीज लागतं, कोण डाएट सोडणार आणि कोणत्या वारी सोडणार, सगळं. आणि यातलं काही कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्याच दुपारी स्टॅकबाई आल्या. पंचाहत्तरीच्या, काटक, जिभेला धार असलेल्या. नवऱ्यासाठी चाळीस वर्षं त्या अडीच वर्षं मुरवलेलं, दातांना दमवणारं चेडर नेत होत्या. आज म्हणाल्या, "ब्रीडा, ते मऊ दे बाई. पावाला फासायचं."

ब्रीडाने ते दिलं. पुडा देताना त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला.

"त्यांच्या नवऱ्याचे दात पडले का?" बाई गेल्यावर काहलने विचारलं.

"दात तर त्याचे बारा वर्षांपूर्वीच गेले. तरी कडकच चघळायचा, हट्टी मेला. माणूस जायला निघाला ना, की आधी कडक सोडतो, मग खारट सोडतो. शेवटी बायको नुसतं मऊ पांढरं नेते. ते तो खात नाही, तीच खाते. पण त्याच्या नावाने नेते."

"मग किती दिवस आहेत त्यांच्याकडे?"

"ते मी कुणाला सांगत नसते. मी फक्त वेळेवर मागवते."

बाईच्या पिशवीत काय पडतं त्यावरून ही बाई मरण वाचत होती, आणि वाचून गप्प बसत होती.

संध्याकाळी शुक्रवारच्या मालाची यादी त्याच्या हाती आली आणि तो दचकला. नेहमीच्या मागणीवर नऊ किलो पांढरं मुरलेलं चेडर जादा. रेडिओवर कोणी गेलेलं नव्हतं. सामना नव्हता, चर्चमधला मुलांच्या पहिल्या प्रसादाचा सण होऊन महिना झाला होता. आठवड्याला सहा किलो खपणाऱ्या मालावर आणखी नऊ! हे उरणारच. अकरा वर्षांचं शून्य मोडणार आणि अल्टनला हवी ती गोम मिळणार. आठवड्यापूर्वी काहल खूश झाला असता. आता त्याला ओरडून तिला सावध करावंसं वाटलं.

"ब्रीडा, हे कोणासाठी आहे? हे खपणार नाही. तुम्हाला कळतंय ना, हे उरलं तर काउंटर जाईल?"

ती चीज कापायची तार पुसत होती. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मोसीसाठी."

"मोसी कोण?"

"माझा भाऊ. आम्ही दोघंच असतो घरी. दोघांनीही लग्नं केली नाहीत, आईला सांभाळता सांभाळता वेळ निघून गेली. चव्वेचाळीस वर्षं त्याने क्रीमरीला, गावच्या दूध डेअरीला, दूध घातलं." तिने तार आकड्याला अडकवली. "नर्स म्हणते, आठवडाअखेर."

काहलने यादी खाली ठेवली. "मग तुम्ही इथे काय करताय?"

"तोच हाकलतो रे! सकाळी शेजारीण बसते त्याच्यापाशी. मला म्हणतो, माझ्या तोंडाकडे बघत काय बसतेस, लोकांना चीज कोण तुझा बाप देणार?" ती हसली आणि हसता हसता तिने बाहीने डोळे पुसले. "मोसी अबोल माणूस. क्रीमरीचे काही जण, तीनचार शेजारी, पत्त्यांच्या डावातले दोघं, आणि आमची नात्यातली. नऊ किलो पुरे झालं. उरणार नाही, भिऊ नकोस."

त्या संध्याकाळी अल्टनचा फोन आला. "सापडली का गोम?" काहल म्हणाला, "शनिवारी सांगतो," आणि त्याने परतीचं तिकीट पुढे ढकललं.

मोसी गुरुवारी उजाडताना गेला. नऊच्या बातम्यांत त्याचं नाव आलं तेव्हा काउंटरमागे एकटा काहल उभा होता. सगळं दुकान त्या रिकाम्या खोक्याकडे बघत होतं.

शुक्रवारी तीन ते सात लोकांच्या दर्शनासाठी मयत घरी ठेवलं होतं. काहल नऊ किलो चेडर गाडीत घालून दुपारीच पोचला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. तिथे शेजारणी पाव कापत होत्या. स्टॅकबाई नवऱ्यापाशी मुलीला बसवून आल्या होत्या आणि कपबश्या धूत होत्या. टेबलावर लोकांनी आणलेल्या थाळ्यांची चळत होती. डुकराच्या मांसाची सँडविचं, अंड्याची सँडविचं, सफरचंदाचे केक, कोंबडीसुद्धा. चीजचं मात्र एकही सँडविच नव्हतं. ब्रीडाच्या घरी चीज घेऊन जायची अख्ख्या परिसरात कोणाची छाती झाली नव्हती! आणि जो येई तो थाळीवरून नजर फिरवून तेवढं ब्रीडाच्या चेडरचंच सँडविच उचलत होता.

साडेचारला काहलने शेवटचा तुकडा कापला.

कोणीतरी जाऊन ब्रीडाला सांगितलं. काळ्या कपड्यांत ती आणखीच लहान दिसत होती. तिने रिकाम्या फळीकडे पाहिलं.

"संपलं?"

"संपलं," काहल म्हणाला.

"साडेचारला?" तिचा विश्वास बसेना. ती खिडकीशी गेली, टाचा उंचावून तिने बाहेर पाहिलं आणि तशीच उभी राहिली. रांग अंगणातून फाटकाबाहेर गेली होती, गल्लीतून क्रीमरीच्या तिठ्यापर्यंत आणि तिथून वळून पुढे. स्वच्छ टोप्यांतले बाजारचे पुरुष होते. आदल्याच दिवशी बापाला पोचवलेल्या ब्रॉसननच्या मुली होत्या. डॉक्टरीणबाई, पोलंडची सून, तिचा नवरा, व्यायामशाळेतले दांडगोबा मान खाली घालून. दोन्ही कडांना गाड्या लावायला जागा उरली नव्हती.

"एवढी माणसं मोसीची कुठली?" ब्रीडा पुटपुटली. "तो तर कोणाशी बोलायचासुद्धा नाही."

स्टॅकबाईंनी कप खाली ठेवला. "अगं बये, यातली निम्मी माणसं मोसीला आज पहिल्यांदाच बघणार."

ब्रीडा मटकन खुर्चीत बसली. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन ती रडली, दोन दिवसांत पहिल्यांदा. काहलला तिथे उभं राहवेना. तो अंगणात आला. तेवढ्यात फोन वाजला. अल्टनला शनिवारपर्यंत दम निघाला नव्हता.

"चूक सापडली की नाही?"

"सापडली. तिने नऊ किलो मागवलं. तीससुद्धा पुरलं नसतं."

"म्हणजे बाईला अंदाज नाही?"

"सगळ्या गावाचा आहे. स्वतःचा नाही." काहलने फाटकाबाहेर पाहिलं. "काउंटर बंद करायचा असेल तर तुम्ही इथे या, आणि या रांगेला तोंडाने सांगा."

"किती माणसं आहेत?"

काहलने मोजायला सुरुवात केली. तीनशेपर्यंत आला आणि थांबला, कारण वळणापलीकडून आणखी माणसं चालत येत होती.

"मला मोजता येत नाहीये," तो म्हणाला.

"ती बाई आहे तोवर काउंटर राहू दे," शेवटी अल्टन म्हणाला.

काहलने फोन खिशात टाकला. मोसीचं दर्शन त्याने अजून घेतलं नव्हतं, मागच्या दाराने आला होता ना! तो फाटकाबाहेर पडला आणि रांगेचा शेवट शोधत तिठ्याच्या पलीकडे चालत गेला.