राजय्यांचा समुद्र

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर बाबा गाडीच्या खिडकीखाली उभे होते. लग्नाला आठच दिवस झाले होते आणि मी सोलापूरला निघाले होते. "तिकडे खारा वारा नाही. चेहरा कोरडा पडेल, तेल लावत जा," एवढंच म्हणाले. गाडी वळली तेव्हा समुद्र दिसत होता, पण मी पाहिलं नाही. रोजचाच तो!

मीरा, ईशान, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागचं शांत समुद्राचं चित्र पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हे इम्प्रेशनिस्ट ना? पेंटर फ्रेंच?" नाही रे. आमच्या शेजारचे राजय्या. चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्याप्रमाणे मग मागावर धागा पडायचा. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

एकदा त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा समुद्र कसला हाय?"

"निळा," मी म्हणाले.

ते हसले. "कुठला निळा? आमच्या कारखान्यात बारा हायत की!"

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, नेमकं बोलायची सवय. पण मला एकही सांगता येईना. वीस वर्षं ज्याच्या काठी वाढले, तो इतक्यात पुसला गेला? मी घाबरलेच. मग रोज चहाच्या वेळी आठवून आठवून सांगू लागले: सकाळी काठाशी ताकासारखा, ओहोटीला ओल्या वाळूत उतरलेलं आभाळ. राजय्या ते ऐकून कागदावर उतरवत; हाताला चौकोनांची सवय, म्हणून ठिपक्यांनीच रंगवत. जवळून नुसते डाग, दारातून पाहिलं की पाणी हलायचं.

चित्र झालं तेव्हा दिसलं, डाव्या कडेची लाट उजव्या कडेच्या लाटेशी नेमकी जुळते.

"हे असं कसं?"

"मग? पुढं विणायचं तर नमुना जुळाया नको व्हय? चुकलं असंल तर सांगा, बदलतो."

चुकलं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं.

सुट्टीत माहेरी गेले. किनाऱ्यावर उभी राहून पहिल्यांदाच समुद्र नीट पाहिला, रंग वहीत लिहिले. सात निळे भरले; आठव्याला नाव सुचेना. लाटा कुठेच जुळत नव्हत्या. हे सगळं राजय्यांना कधी सांगते, असं मला झालं. दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

"आठ दिवस राहणार होतीस ना गो?" बाबा म्हणाले.

"घरी पोचले की पत्र टाकते," मी म्हणाले.

सोलापूरला मी ‘घरी’ म्हणाले, हे मला गाडीत बसल्यावर कळलं. बाबांना तेव्हाच कळलं असावं. ते नुसती मान हलवून हसले होते.