भावजींची उजवी बाही

सदऱ्याची उजवी बाही उसवून झाली होती, निम्म्या नाड्या शिवायच्या राहिल्या होत्या. उद्या भावजींच्या खांद्याचं ऑपरेशन. मग हात गळ्यात बांधलेला असणार, बाही बाजूने बांधता यायला हवी. माप मी कालच घेतलं होतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गवंडी. छताचा गिलावा करावा तर त्यांनीच. डाव्या हातावर सिमेंटच्या मालाची फळी, उजव्या हातात थापी, मान वर. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली. खांद्यात कळ आली की शेकायचं, इंजेक्शन घ्यायचं आणि पुन्हा परांचीवर चढायचं. शेवटी डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, "ही सूज नाही, झीज आहे. दंडाच्या स्नायूची वरची दोरी जाड आणि मऊ पडलीय, आतले धागे सुटलेत. खराब भाग कापून उरलेली दोरी खाली हाडाला बसवू. तोवर वजन उचलायचं नाही."

"म्हणजे तुम्हीही गवंडीच की," भावजी त्यांना म्हणाले होते.

आज दुपारी ते हसतच आले. केसांत सिमेंट.

"कुठे होतात?"

"अर्धं छत राहिलं होतं, वहिनी. दुसऱ्याचा हात लागला की सांधा दिसतो. पण ऐका तर, शेवटचा हात फिरवताना खांद्यात टच्कन वाजलं आणि दुखणंच गेलं. कापाकापी रद्द. तुमचा देव पावला म्हणायचा."

माझे हात आपोआप जोडले गेले. तरी म्हटलं, निम्म्या नाड्या झाल्याच आहेत तर त्या बांधून बाही घालून बघू. ती कोपराच्या वर अडकली. काल तिथे माझी दोन बोटं जात होती. दंडाचं मांस खाली सरकून त्याचा गोळा झाला होता, आणि वर, खांद्यापाशी, बोट टेकवलं तर नुसता खड्डा.

 हाताचा जोर बघायला मी बरणी पुढे केली. "एवढं झाकण घट्ट लावून द्या."

"बस, एवढंच?" त्यांनी मनगट पिळलं. गोळा टरारला. झाकण सैलच राहिलं. पुन्हा पिळलं. मग ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"वहिनी, आता थापी कशी फिरणार?"

माझ्या तोंडी देवाचं नाव चालूच होतं. मघाशी ते आभाराचं होतं, आता नव्हतं. तुटलेलं टोक आत कुठवर गेलंय, उद्या ते डॉक्टरांच्या हाती लागेल का, कोण सांगणार?

सुई बाहीतच टोचून ठेवली आणि चपला घातल्या. आता दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना आजच सांगायचं, दोरी तुटली.