दळणाची पिशवी आणि फोटोखालचं गाव

चाळीसेक वर्षं झाली असतील, आमच्या भिंतीपलीकडं शेजारची रुद्रम्मा नवऱ्याशी भांडत होती.

“उमरग्याला गेलतो म्हनताव, मग चपलाला बीदरची तांबडी माती कामून?”

“चौकशीचं गाव बायकोलाबी सांगायचं नसतंय,” अमृतप्पा म्हणाला.

“मग चपला तरी पुसून यायच्या!”

तवापासून तो चपला पुसूनच घरात जायचा.

आमच्या हळ्ळीखेडात पोरीचं लग्न ठरवायच्या आधी अमृतप्पाला पाठवायची रीत. तो पाच शेर ज्वारी घेऊन पोराच्या गल्लीतल्या गिरणीत जाऊन बसायचा. पाव्हणा म्हणून घरी गेलं की सगळेच चांगले दिसतात. गिरणीत कळतं, दळण पोरगा आणतो का म्हातारी आई. फक्त आपण आलोय हे कुणाला कळता कामा नये.

माझ्या नातीला, मंजुश्रीला, बसवकल्याणचं स्थळ आलं. पोरगा शिवप्रसाद. मंजुश्री फोटोवरच भाळली होती. मी मात्र सांगून ठेवलं, अमृतप्पा व्हय म्हणला तरच लग्न.

नेमका तेव्हाच अमृतप्पाला लेकानं नवा फोन दिलेला. गिरणीत बसल्या बसल्या त्यानं आपला फोटो काढला आन स्टेटसला टाकला. फोटोखाली गाव, गल्ली, वेळ, सगळं फोननंच छापलं. पोराची आई सोजराबाई, तिच्या भाचीच्या लग्नाची चौकशी यानंच केलेली, म्हणून तिच्याकडं याचा नंबर होताच. दहा मिनिटांत शिवप्रसाद इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्यावर डबा घेऊन हजर.

गिरणीवाल्यानं झाकण काढलं. “आरं, हे पीठच हाय की! दळलेलं कामून दळायलास?”

अमृतप्पा परत आला तो तोंड पाडून. “अक्का, पोरगा ढोंगी हाय का नुसता घाबरट, मला काय कळंना. मी व्हय म्हनत न्हाई.”

“आजी, चूक ह्यांच्या फोनची आन नवरा माझा जायलाय!” मंजुश्री जेवायचीच थांबली.

रुद्रम्मानं नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला. “चपला पुसायला मी शिकवलं. आता ह्येबी मीच बघते.” दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन बीदरला बहिणीकडं गेली आन तिथल्या किल्ल्याचा फोटो त्याच्या स्टेटसला टाकला, खाली गावासकट. अमृतप्पा बीदरला हाय समजून सोजराबाई निवांत झाली.

अमृतप्पा त्याच दिवशी पाच शेर ज्वारी घेऊन पुन्हा बसवकल्याणला गेला. त्याची ती शेवटची चौकशी. दिवाळीनंतर तो राहिला नाही.

त्या चौकशीच्या दिवशी, संध्याकाळी परत आल्यावर तो माझ्या ओट्यावर टेकला.

“गिरणीवाल्याला तंबाखू देऊन पोत्याआड बसलो, अक्का. पोरगा आला. फाटकी बनियन, डोक्यावर डबा. म्हनला, आईला दात न्हाईत, बारीक काढ. गिरणीवाला म्हनतो, दर आठवड्याला ह्योच येतो, त्या दिवशी आईनं घाईत पिठाचाच डबा हातात दिला.”

“मग?”

“व्हय म्हना.”

दाराआड बांगड्या वाजल्या. मंजुश्री ऐकत होती.

अमृतप्पानं पिठाची पिशवी उचलली. रुद्रम्मा अजून बीदरलाच होती. तरी आपल्या दाराशी थांबून त्यानं चपला पुसल्या आणि आत गेला.