पेटीतला उलटा दगड

भूगर्भ खात्याच्या गोदामात सगळे त्याला उलटेराव म्हणत. हे नाव साहेबांनी ठेवलेलं, आणि अठरा वर्षं ते त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

त्याआधी तो ड्रिलर होता, आणि साधासुधा नव्हे. यंत्राचा आवाज ऐकून खाली कोणता दगड लागलाय ते सांगायचा. शेताच्या कडेला एका बोअरमधून त्याने दगडाचे लांबट गोल तुकडे काढले, निघाले तसे पेटीत लावले आणि स्वतःच चक्रावला. जुना दगड वर, नवा खाली. मधे चुरा आणि काचेसारखं काहीतरी वितळलेलं. त्याने तीनदा तपासलं. साहेबांनी पेटी पाहिली आणि सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने हजामत केली.

"झोपेत भरलीस का पेटी? जुना दगड नव्याच्या डोक्यावर कसा बसेल?"

त्यांनी समोर उभं राहून सगळे तुकडे 'नीट' लावून घेतले, अहवालात ड्रिलरची चूक लिहिली आणि त्याची रवानगी गोदामात केली. हातचं यंत्र गेलं. मेहुण्यासुद्धा घरी आल्या की तोंडाला पदर लावून हसायच्या. अपमान त्याने गिळला, पण विसरला एक दिवसही नाही.

आणि परवा साहेब स्वतः गोदामात आले. "बसा ना तुम्ही," म्हणाले. अठरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही!

नव्या मोजणीत त्या शेतांखाली वाटीसारखा गोल खड्डा दिसला होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे प्रचंड उल्का आदळली, काठावरचे थर उखडून पालथे पडले, असं साहेबांना सिद्ध करायचं होतं. म्हणजे जुना दगड वर, नवा खाली, हाच तर पुरावा. तो पेटीतून त्यांनीच पुसून टाकला होता. खरा क्रम आता एकाच माणसाच्या डोक्यात होता, आणि तज्ज्ञांची खात्री पटल्याशिवाय नव्या बोअरला पैसे मिळणार नव्हते.

"उद्या तज्ज्ञ येताहेत. दगड कसा निघाला तेवढं सांगा. जुनं कशाला उगाळायचं?"

"माझी चूक नव्हती, असं अहवालात लिहाल?"

"ते बघू नंतर."

झालं! तेवढे तीन शब्द साहेबांना महागात पडले.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांसमोर त्याने पेटी उघडली. "साहेबांनी लावलाय तोच क्रम खरा. चूक माझी होती. अहवालात आहे, खाली साहेबांची सही आहे."

साहेब पांढरेफटक पडले. "हा खोटं बोलतोय!"

"तसं लिहून द्या," तो शांतपणे म्हणाला. "अहवाल खोटा, ड्रिलर खरा. मग मला आठवेल."

साहेबांनी तज्ज्ञांकडे पाहिलं, खिशातल्या पेनाकडे हात नेला आणि खाली घेतला. तज्ज्ञ चष्मे आवरून निघून गेले.

त्याने पेटीला झाकण लावलं. खड्डा खरा होता, तोही खरा होता, आणि आता दोन्ही गोष्टी कुणालाच कळणार नव्हत्या. वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण त्या दुपारी जेवताना त्याने दोनदा मागून घेतलं.