उपवासाची पानं

"लिव गो, मीठ बघूक आमटी चाखली. ती पण लिव."

संध्याकाळी साडेसातला आमच्या दारात, चपलांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून वहिनी मला दिवसभराचं खाणं सांगायच्या. सकाळपासून एकेक बोट मिटत. चार शेंगदाणे खाल्ले तर चार. बांगड्याचा अर्धा तुकडा, तोही शेपटीकडचा, हे आवर्जून. एकदा हळदीकुंकवाला पेढा मिळाला, तर तो न खाता मुठीत धरून आणला. केवढा लिहायचा ते मी बघावं म्हणून. मी बघितला, मगच त्यांनी तोंडात टाकला.

दिंडोशीच्या आमच्या इमारतीत त्या समोरच राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, चौथीत शाळा सुटलेली. सही करायच्या, बाकी लिहायचं म्हटलं की चष्मा शोधायचं नाटक. म्हणून वही माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे आणि दुसऱ्याच्या चुका काढायची खोडही आहे.

वही कशासाठी, तर त्यांच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रिक्षा चालवणं सुटलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं. वहिनींची किडनी जुळली. पण डॉक्टर म्हणाले, तुमचं वजन फार आहे, नऊ किलो उतरल्याशिवाय ऑपरेशनला घेता येणार नाही. इस्पितळातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी वही ठेवायला सांगितली. तोंडात जाईल ते सगळं लिहायचं.

अशा बायका तुमच्याही शेजारी असतील. जन्मभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं, पण तू काय खाल्लंस हे कोणी विचारलं नाही. आता रोज कोणीतरी विचारतंय याचं त्यांना अप्रूपच होतं. भात सुटला, साखर सुटली. नवऱ्याचे बूट घालून त्या रोज टेकडीच्या रस्त्याने चालून यायच्या. "ह्यांका माझी किडनी बसली काय माझ्यासारखे बडबडूक लागतले," असं म्हणून स्वतःच हसायच्या. नवरा अबोल माणूस, आतून नुसता खाकरायचा. तीन महिन्यांत चार किलो उतरले.

मग एक दिवस नवऱ्याला दम लागला, दाखल करावं लागलं. ते घरी आले, पण वहिनींनी धसका घेतला. त्यांच्यासाठी सोमवार धरले, गुरुवार धरले, संकष्टी होतीच. त्या दिवशी स्टुलावर टेकायच्याही नाहीत. "आज काय लिवचा नाय. उपास." मी तारीख घालून पानावर 'उपवास' लिहायची आणि खाली पट्टीने रेघ मारायची.

वजन थांबलं. मग किलोभर वाढलं. आहाराच्या बाईंनी वही चाळली. "आठवड्यातून दोनदा उपाशी राहता, बाकीचे दिवस एवढंसं खाता, आणि वजन वाढतं? काकू, खरं लिहीत जा ना."

चार शेंगदाणे मोजणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. मी शेजारीच बसले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक चपाती कमी केली आणि शनिवारही धरला.

एका सोमवारी मला सुट्टी होती. त्यांचं पातेलं परत द्यायला दुपारी गेले, तर त्या जेवायला बसल्या होत्या. ताटात साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला तुपातला बटाट्याचा कीस, वाटीत दाण्याचे दोन लाडू.

मी दारातच उभी राहिले. आमच्या घरी संकष्टीला हेच असतं. आणि आम्हीही म्हणतो, आज काही खाल्लं नाही. म्हणून तर चार महिने मी विचारलंच नव्हतं.

वजन यानेच वाढतंय, हे सांगितलं तेव्हा घास त्यांच्या हातातच राहिला. "देवासाठी खाल्लेला पण अंगाक लागता?"

मी वही आणून पानं मोजली. बेचाळीस. बेचाळीस पानांवर माझ्या अक्षरात 'उपवास'. यात त्यांचा काय दोष? शिकलेली मी होते, लिहिणारी मी होते. मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्यांनी उपवास सोडले नाहीत, ताकावर आणि पपईवर केले. अडीच महिन्यांत काटा हवा तिथे आला. कागदपत्रं झाली, ऑपरेशनची तारीख मिळाली. तारखेला नऊ दिवस असताना नवऱ्याला न्यूमोनिया झाला आणि ते गेले.

त्या घरात चूल पेटत नव्हती तेव्हा आम्ही शेजारी आळीपाळीने जेवण द्यायचो. वहिनी येईल ते खायच्या, ताटाकडे न बघता. एकदा धीर करून मी म्हटलं, "वहिनी, मी आधीच विचारायला हवं होतं." मला वाटलं होतं, त्या नाही म्हणतील.

"होय गो," त्या म्हणाल्या.

आता त्या गावी असतात. जायच्या आठवडाभर आधी मला घेऊन इस्पितळात गेल्या. मला वाटलं, रिपोर्ट आणायचे असतील. पण त्या थेट डॉक्टरांपुढे जाऊन बसल्या. डायलिसिसला नवऱ्याच्या बाजूच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई असायची. तिचं नाव सांगून म्हणाल्या, "तिका द्या. मी आता बारीक झालंय."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नात्यातल्या माणसालाच देता येते, परक्याला द्यायची परवानगी मिळायची नाही, हे त्यांनी सावकाश, दोनदा समजावलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. उठून बाहेर आल्या, सैल झालेल्या निऱ्या नीट खोचल्या. मग एक हात कुशीवर तसाच दाबून धरून मला म्हणाल्या, "मगे ही आता माझ्याकडेच रवली."