चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर

या कानडी शहरात, राजाजीनगरातल्या आमच्या मुलीच्या शाळेत पास होणे म्हणजे जिना चढणे. तिसरीपर्यंतचे वर्ग तळमजल्यावर, चौथी-पाचवी पहिल्या मजल्यावर, पुढचे त्याच्याही वर. या रचनेचा शाळेला इतका अभिमान, की वर्षअखेरीस तिथे ‘सोपान सोहळा’ होतो. तिसरीची मुले गुलाब हातात घेऊन जिना चढतात आणि आईबाप खाली उभे राहून टाळ्या वाजवतात. उंच गेला तो शिकला. शिक्षणाचा इतका सोपा अर्थ आमच्या गावच्या गुरुजींनाही सुचला नव्हता.

माझी मुलगी चाकाच्या खुर्चीत बसते. तिसरी ती चांगल्या गुणांनी पास झाली, आणि तिथेच सगळे बिनसले.

मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून घेतले. मी चप्पल दाराबाहेर काढून आत गेलो. सवय. तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. आज इथे बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर आहे तो त्या शाळेच्या कृपेने. गुरुजींच्या खोलीत चप्पल घालून जायचे नाही, हे मी अक्षरांच्याही आधी शिकलो.

“या ना सर! मीपण मराठीच, पुण्याची. आपलीच माणसं,” बाई म्हणाल्या. “आम्ही खूप विचार केलाय. तिला अजून एक वर्ष तिसरीतच ठेवू. तीच रूम, त्याच टीचर. एकदम कम्फर्टेबल!”

“पण ती पास झालीय ना, मॅडम?”

“अहो, ऑफकोर्स! ब्रिलियंट आहे ती. पण चौथी वर आहे ना.”

“लिफ्ट?”

“प्लॅनमध्ये आहे.” लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत मोडकी बाके रचलेली मी येतानाच पाहिली होती.

“मग चौथीच खाली आणली तर?”

बाई हसल्या. कुणी शाळेत बैल बांधायची परवानगी मागावी, तसे हसल्या. “खाली रूम कुठंय सर? एकच, व्हिजिटर्स लाउंज. पण तिथे ट्रॉफीज आहेत.”

म्हणजे ढाली-कप तळमजल्यावर राहणार, कारण त्यांना जिना चढवत नाही. त्यांतला एक सर्वसमावेशक शिक्षणासाठी मिळालेला होता. अपंगांच्या हक्कांचा तक्ताही छान चौकटीत लावलेला होता. बरोबर जिन्याच्या पहिल्या पायरीशी.

आमच्या गावच्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. आम्ही त्याला पाळीपाळीने पाठीवर आणायचो आणि वाटेत लंगड्या म्हणून चिडवायचोही. सातवीनंतर हायस्कूल टेकडीवर. तिथवर त्याला कुणी नेले नाही; त्याची शाळा संपली. पंचाण्णव सालचा अपंगांचा कायदा तेव्हा झालेला होता म्हणे. तोही बहुधा टेकडीच्या पायथ्याशी बसून राहिला असावा. त्यानंतर शिक्षणहक्काचा कायदा आला, मग दोन हजार सोळाचा आला. पास झालेल्या मुलीला त्याच वर्गात बसवून ठेवता येत नाही, इमारत तिला वापरता येईल अशी हवी, हे सगळे लिहून ठेवलेले आहे. देशाने कायदे केले. शाळांनी चौकटी केल्या.

सोहळ्यात मुलीला ‘खास भूमिका’ मिळाली. जिन्याच्या तोंडाशी बसून चढणाऱ्या प्रत्येकाला गुलाब द्यायचा. फोटो शाळेच्या संकेतस्थळावर झळकला. घरी येताना ती म्हणाली, “बाबा, मी नापास झाले का?”

“नाही गं. कोण म्हणालं?”

“मग मला गुलाब का नाही? माझ्या सगळ्या मैत्रिणी वर गेल्या.”

त्या संध्याकाळी मी तक्रार लिहायला बसलो. बायको इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिचे माहेरचे लोक फोनवर इथल्या कानडी वळणाने “स्वल्प अडजस्ट करा”, थोडं जुळवून घ्या, म्हणत होते. तिने फोन ठेवला आणि ती म्हणाली, “सरी, ठीक आहे, भांडा. पण या वेळी चप्पल घालून आत जा.”

अपंगांच्या हक्कांसाठी राज्याचे आयुक्त असतात. तक्रार तिथे गेली आणि शाळेला विचारणा झाली. ज्या शाळेला खोली सापडत नव्हती तिने सुट्टी संपायच्या आत ढाली-कप वर नेले आणि चौथीचा वर्ग खाली आणला. ढाली-कपांनी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. मुलगी मैत्रिणींच्या शेजारी बसली आणि पहिल्याच दिवशी बडबडीबद्दल बोलणी खाऊन आली. अशी खुशीत बोलणी खाल्लेली मी पाहिली नव्हती.

पालकसभेत बाईंनी या ‘उपक्रमाची’ घोषणा केली. शाळेने स्वतःहून, केवळ संवेदनशीलतेपोटी, वर्ग खाली आणला होता. टाळ्या पडल्या. बाईंनी मला व्यासपीठावर बोलावले. “सर, दोन शब्द. एक पेरेंट म्हणून शाळेचे आभार...”

आभार मानणे माझ्या हाडात आहे. गुरुजींचे, शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाच्या आमटीचेही मी आजवर मानत आलो. चप्पल घालून व्यासपीठावर चढलो, माइक हातात घेतला, आणि तोंडाशी आलेला “आभार” गिळला.

“मॅडम,” मी म्हणालो, “पुढच्या वर्षी ती पाचवीत जाईल. पाचवीचा वर्ग कोणत्या मजल्यावर?”

पहिल्या रांगेच्या बाजूला खुर्चीत बसलेली माझी मुलगी उत्तरासाठी बाईंकडे टक लावून बघत होती.