मनगटाची पट्टी
डॉक्टरी चिकटपट्टीचा वास आला की डोंबिवलीचं ते तापलेलं व्हॉलीबॉलचं मैदान आठवतं. समोर दिवा गावची टीम, त्यातल्या एका पोरीच्या मनगटाला पांढरी पट्टी. आमचे सर म्हणाले, "सगळ्या सर्व्हिस तिच्यावरच मार." मी मारत राहिले. चौथ्या सर्व्हिसनंतर ती रडवेली होऊन ओरडली, "ताई, दुसरीकडे मार ना." मला नीट ऐकू आलं. पाचवीही मी तिच्याच हातावर घातली. ती मनगट धरून खाली बसली आणि आम्ही कप जिंकलो. त्याच कपावर मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. रिटायर झाल्यापासून बाळकुममध्ये मुलींना शिकवते. आमच्यातल्या कुणाचं मनगट दुखावलं, की पट्टी मी दुसऱ्याच धडधाकट मुलीला बांधते. दुखरी पोरगी तशीच खेळते. "तोंड वाकडं केलंस तर समोरच्यांना कळेल," एवढंच तिला सांगते.